एका ‘रन’चे ६४५ अर्थ

नळ, नाक, दुकान, बस, नाटक, कच्च्या रंगाची साडी, नदीकाठचा रस्ता आणि अमेरिकेतला अध्यक्षपदाचा उमेदवार. या सगळ्यांना एकाच क्रियापदाला जुंपायचं म्हटलं तर मराठीत आपण हात टेकू. आपल्याकडे नळ चालू राहतो, नाक वाहतं, दुकान चालतं, बस सुटते, नाटकाचे प्रयोग होतात, साडीचा रंग जातो, रस्ता कुठेतरी जातो आणि उमेदवार उभा राहतो. इंग्रजीत या सगळ्याला ‘रन’ हा तीन अक्षरी शब्द पुरतो.

रन म्हणजे धावणे, असं आपण पाचवीत पाठ केलेलं असतं. त्यात चूक काही नाही. पण तेवढ्या शिदोरीवर इंग्रजी वर्तमानपत्र उघडलं की पहिल्याच पानावर कुणीतरी न धावता रन करत असतं, आणि मग शब्दकोश काढावा लागतो. शब्दकोश तरी किती मोठा काढणार? ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी ‘रन’ची नोंद नव्यानं लिहायला घेतली तेव्हा पीटर गिलिव्हर या कोशकारानं त्यावर जवळजवळ नऊ महिने घालवले. ते काम २०११च्या सुमारास पुरं झालं, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. ‘अ रन’ हे नाम त्यात धरलेलंच नाही.

त्याआधी कितीतरी वर्षं हा मान ‘सेट’कडे होता. याच कोशाच्या १९८९च्या वीस खंडी आवृत्तीत ‘सेट’ क्रियापदाचे ४३० अर्थ होते आणि ती एक नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. म्हणजे एक बेताची कादंबरीच, नायक-नायिकेविना. प्रश्नमंजूषेत ‘इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असलेला शब्द कोणता’ असं विचारलं की जुने खेळाडू अजून ‘सेट’ म्हणतात आणि नवे ‘रन’. दोघांनाही अर्धे गुण द्यावेत असं मला वाटतं. कारण तिसऱ्या आवृत्तीची दुरुस्ती ‘ए’पासून सुरूच झाली नाही, ‘एम’पासून झाली. पहिल्या आवृत्तीतली सुरुवातीची अक्षरं हात बसायच्या आत लिहिली गेली होती, म्हणून संपादकांनी ती मागे ठेवली. त्यामुळे ‘मेक’, ‘पुट’, ‘रन’ यांचे नंबर आधी लागले आणि ते भराभर फुगले. ‘एस’मधला ‘सेट’ तेव्हा रांगेत मागे उभा होता. तेव्हा ‘रन’ पुढे गेला हे खरं, पण प्रतिस्पर्धी अजून जागेवरून हलला नव्हता.

हा आकडा येतो कुठून? कोशकार काही खोलीत बसून अर्थ सुचवत नाही. तो वाक्यं गोळा करतो. जेम्स मरे यांनी १८७९ साली या कोशाचं संपादन हाती घेतलं. पुढे ऑक्सफर्डला त्यांनी घराच्या बागेत पत्र्याची एक शेड उभारली आणि आत भिंतीभर कप्पे केले. देशोदेशीचे वाचक पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवत. टपाल इतकं येई-जाई की पोस्टानं मरे यांच्या दाराशी खास पेटी बसवली. दहा वर्षांत उरकायचं म्हणून धरलेलं काम १८८४ ते १९२८ असं छापत राहिलं आणि मरे स्वतः १९१५ सालीच वारले. पद्धत मात्र आजही मुळात तीच आहे, चिठ्ठ्यांच्या जागी संगणक आला एवढंच. एका शब्दाची हजारो वाक्यं समोर घ्यायची आणि त्यांचे ढीग लावायचे. ‘नाक रन होतं’ आणि ‘नळ रन होतो’ एका ढिगात. ‘ती दुकान रन करते’ दुसऱ्या ढिगात. मग एक वाक्य असं येतं की ते कुठल्याच ढिगात बसत नाही. तिथे नवा ढीग. जेवढे ढीग, तेवढे अर्थ.

यातली मेख कुठे आहे ते उघड आहे. दुकान चालवणं आणि देश चालवणं हा एक ढीग की दोन? एक कोशकार म्हणेल, कारभार पाहणं, एकच. दुसरा म्हणेल, दुकानाला नफा-तोटा असतो, देशाचं तसं नाही, दोन करा. भाषेच्या अभ्यासकांमध्येही गठ्ठे बांधणारे आणि फोडणारे अशा दोन जाती असतातच. शिवाय हा कोश ऐतिहासिक आहे, म्हणजे चारशे वर्षांपूर्वी मेलेले अर्थही त्यात जागा धरून बसलेले असतात. म्हणून ६४५ ही काही निसर्गानं ठरवलेली संख्या नव्हे. छोटा कोश उघडलात तर ती पाव-अर्ध्यावर येईल आणि त्या कोशानंही काही लपवलेलं नसेल.

ढीग एक की दोन हे तपासायची एक मजेदार युक्ती आहे. दोन्ही अर्थ एकाच क्रियापदावर लादून पाहायचे. ‘त्यानं वडापाव आणि भजी खाल्ली’ हे वाक्य सरळ जातं. ‘त्यानं वडापाव आणि मार खाल्ला’ म्हटलं की हसू येतं. हसू आलं की समजायचं, इथे जोड आहे. खाण्याचे आपल्याकडे किती प्रकार आहेत पाहा: पैसे खाल्ले, शिव्या खाल्ल्या, भाव खाल्ला, डोकं खाल्लं, हवा खाल्ली. पोट फक्त वडापावानं भरतं. पण मार खाण्यात आणि वडापाव खाण्यात नातं आहे हे आपल्याला आतून जाणवतं, काहीतरी अंगात घेतलं जातंय. ‘नाव’ या शब्दाचं तसं नाही. पाण्यातली नाव आणि माणसाचं नाव योगायोगानं सारखी दिसतात. एक आली ‘नौ’वरून, दुसरं ‘नाम’वरून. कोशात अशांना दोन वेगळ्या नोंदी मिळतात. ‘रन’चे ६४५ अर्थ एकाच नोंदीत नांदतात, कारण ते एका घरचे आहेत.

त्या घराचा मूळ पुरुष शोधायचा तर हजार-बाराशे वर्षं मागे जावं लागतं. जुन्या इंग्रजीत ‘रिनन’ असं क्रियापद होतं. त्यात धावणं होतं आणि तितकंच वाहणंही होतं. जर्मनमधला त्याचा सख्खा भाऊ ‘रिनन’ आजही पाणी ओघळण्यासाठीच वापरतात. म्हणजे नाक रन होतं हा काही पुढे कधीतरी सुचलेला अलंकार नाही. वाहणं हा अर्थ घरात पहिल्यापासूनच आहे. मधल्या काळात इंग्रजांच्या तोंडी या शब्दातली अक्षरं उलटीपालटी होऊन त्याचं ‘इर्नन’ झालं होतं. आपल्याकडे ‘नुकसान’चं ‘नुसकान’ आणि ‘डेस्क’चा ‘डेक्स’ होतो, तसंच. पक्ष्यासाठीचा ‘बर्ड’ हा शब्दही मुळात ‘ब्रिड’ होता. उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतही याच कुळातलं क्रियापद होतं. त्यांच्या सहवासात ‘र’ पुन्हा पुढे येऊन बसला.

आता जे सांगतो ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते मराठी माणसाला इंग्रज माणसापेक्षा लवकर कळेल. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती. एक ‘रिनन’, स्वतः धावणं. दुसरं ‘अ‍ॅर्नन’, दुसऱ्याला धावायला लावणं, घोडा दौडवणं. म्हणजे आपलं पळणे आणि पळवणे, चालणे आणि चालवणे. मराठीनं मधला हा ‘व’ जपला, त्यामुळे कोण करतंय आणि कोण करवून घेतंय याचा घोटाळा होत नाही. इंग्रजीत कालांतरानं दोघांचा आवाज एक झाला आणि दोघांचे अर्थ एकाच शब्दाच्या पदरात पडले. गाडी रन होते, तो गाडी रन करतो. कारखाना रन होतो, ती कारखाना रन करते. आपण ज्याला दोन क्रियापदं म्हणून कोशात दोन जागी लिहू, ते तिथे एका नोंदीत येतं. ६४५ आकडा इतका मोठा दिसण्यामागे हे एक साधं कारण आहे.

(जाता जाता: जुना विजेता ‘सेट’ कोण, तर ‘सिट’चा म्हणजे बसण्याचा प्रयोजक. बसणे–बसवणे. हिऱ्याचे खडे बसवणं, घड्याळाची वेळ बसवणं, हाड बसवणं, हे सगळं इंग्रजीत ‘सेट’नं होतं आणि मराठीत ‘बसवण्या’नं. इतकी वर्षं प्रश्नमंजूषेत जिंकत होतं ते आपलं साधं बसवणं.)

वाहणं, धावणं, धावायला लावणं, एवढं भांडवल हातात आलं की बाकीचे अर्थ कसे फुटत जातात ते पाहण्यासारखं आहे. या सगळ्यांत एक चित्र समान आहे: काहीतरी एका रेषेत, न थांबता पुढे जातंय. पाय हवेत असं नाही. पाणी जातं. मेणबत्तीचं मेण ओघळतं. मग जाणारं काहीच नको, नुसती रेष पुरते. रस्ता नदीकाठानं ‘रन’ होतो, कुंपण शेताभोवती ‘रन’ होतं. रस्ता जागचा हलत नाही, धावते ती आपली नजर. यात इंग्रजीचं काही वेगळेपण नाही. आपलाही रस्ता घाट चढतो, खिंड उतरतो, गावाला वळसा घालतो, आणि आपल्याला त्यात कधी विपरीत वाटत नाही. मग रेष काळाची होते आणि नाटक दोन वर्षं ‘रन’ होतं. नंतर यंत्रं आली. घड्याळ, गिरणी, आगगाडी, आणि हल्ली संगणकावरचा प्रोग्राम, हे सगळं एकदा सुरू केलं की आपोआप न थांबता पुढे जात राहतं, म्हणजे ‘रन’च. यंत्रयुगानं हा शब्द जितका फुगवला तितका दुसऱ्या कशानं फुगवला नसेल.

क्रिकेटमधला रन तर आपल्या घरातलाच. जुन्या काळी इंग्लंडच्या गावांत धावा मोजणारा माणूस काठीवर सुरीनं खाच पाडी, आणि त्या खाचेच्या शब्दावरूनच धावेला ‘नॉच’ म्हणत. पुढे खाच गेली, धावणं राहिलं. आता गंमत अशी की फलंदाज चौकार मारून बॅटवर रेलून उभा राहतो, कुणी एक पाऊल टाकत नाही आणि फलकावर चार ‘रन’ चढतात. धावण्याची क्रिया निघून गेली, तिचं माप उरलं. मराठीनं ते तसंच उचललं. बाळ ज. पंडितांसारख्यांच्या समालोचनानं ‘धाव’, ‘धावफलक’, ‘धावचीत’ हे शब्द घरोघरी रुळले, आणि न धावता काढलेल्या चार ‘धावा’ आपल्याला खटकेनाशा झाल्या.

बँकेचंही तसंच. ठेवीदार घाबरून पैसे काढायला लोटले की इंग्रजीत त्याला बँकेवरचा ‘रन’ म्हणतात. पूर्वी लोक खरोखर धावत. सप्टेंबर २००७मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेसमोर रांगा लागल्या तेव्हा निदान लोक रस्त्यावर उभे तरी होते. ९ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायच्या सूचना आल्या, त्यातल्या बहुतेक बसल्या जागेवरून. बँक दुसऱ्या दिवशी बंद झाली. एकही पाय न हलता झालेल्या या पळापळीलाही शब्द तोच राहिला.

उमेदवाराकडे येऊ. अमेरिकेत माणूस निवडणुकीला ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’. आपण निवडणुकीला ‘उभे राहतो’, म्हणजे अमेरिकेच्या नव्हे, ब्रिटनच्या ओळीत. अमेरिकेनं शर्यतीचं चित्र शेवटपर्यंत नेलं. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला तिथे ‘रनिंग मेट’ म्हणतात. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतला आहे. मुख्य घोड्याला वेग धरून द्यायला त्याच तबेल्यातला दुसरा घोडा सोडत, तो रनिंग मेट. उपाध्यक्षांना हे कुणी सांगत असेल का, कोण जाणे.

इथपर्यंत आल्यावर एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. इंग्रजी जिथे धावते, तिथे मराठी बहुतेक वेळा चालते. त्यांचं घड्याळ धावतं, आपलं चालतं. त्यांचा धंदा, कारखाना, मशीन, घर, संस्था, सगळं धावतं. आपलं चालतं किंवा आपण ते चालवतो. त्यांच्याकडे एखादा गुण घराण्यात ‘रन’ होतो, आपल्याकडे तो घराण्यात चालत आलेला असतो. हा नुसता इंग्रजी-मराठीचा फरक नाही, तो लॅटिनपर्यंत जातो. लॅटिनमध्ये धावण्याला ‘कुरेरे’ म्हणत. त्यावरून इंग्रजीत ‘करन्सी’ आला, धावणारा पैसा. आपण त्याला चलन म्हणतो. ‘करंट अकाउंट’ आला, धावतं खातं. आपलं ते चालू खातं. ‘करिक्युलम’ म्हणजे लॅटिनमध्ये धाव किंवा धावण्याची शर्यत, आपण त्याला अभ्यासक्रम म्हणतो आणि क्रम या शब्दाच्या मुळाशी आहे पाऊल टाकणं. पोरांना विचाराल तर लॅटिनवाल्यांचं बरोबर आहे.

आणि चालणं या शब्दानं मराठीत जो संसार मांडलाय तो ‘रन’पेक्षा फार लहान नसावा. हात चालतो, जीभ चालते, डोकं चालत नाही. खटला चालतो, नांगर चालतो. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा चालेनाशा झाल्या. गाण्याला चाल लावतात, बुद्धिबळात चाल खेळतात, आणि जो नेहमीच चाली खेळतो तो चालू माणूस. सगळ्यांत कळस म्हणजे उपवास. साबुदाणा चालतो, पोहे चालत नाहीत. वऱ्याचे तांदूळ चालतात, साधे चालत नाहीत. मराठी शिकणाऱ्या एखाद्या इंग्रजाला एकादशीला आपल्या स्वयंपाकघरात उभं केलं तर तो डबे निरखून पाहील, कुठला उठून चालायला लागतो ते. आपल्याला मात्र ‘चालेल’ म्हणताना पाय आठवतसुद्धा नाहीत.

मग आपलं धावणं गेलं कुठे? ते आहे, पण त्यानं घाई सोडली नाही. धावती भेट, धावपळ, संकटात धावून येणं, देवाचा धावा. सगळीकडे श्वास लागलेला आहे. इंग्रजी ‘रन’मध्ये वाहतेपण होतं म्हणून त्याला सहज पसरता आलं. आपल्याकडे पसरायचं काम चालण्यानं घेतलं आणि घाई तेवढी धावण्याला ठेवली. अपवाद सापडतात ते अवजारांत. बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. मोटेचे बैल विहिरीपासून ज्या उतारावरून खाली जात, तीही धाव. क्रियेचं नाव जागेला देण्याची ही तऱ्हा इंग्रजीतही जशीच्या तशी आहे. कोंबड्यांना फिरायला जाळी लावून ठेवलेली जागा तिथे ‘चिकन रन’ असते.

एवढे अर्थ असूनही कुणाचं अडत का नाही? उलट, अर्थ जास्त असणं हे शब्द कामाचा असल्याचं लक्षण आहे. जॉर्ज किंग्सली झिफ या अमेरिकन अभ्यासकानं १९४५ साली मोजून दाखवलं की जो शब्द जास्त वापरला जातो त्याला अर्थही जास्त असतात. बोलणाऱ्याला थोड्या शब्दांत भागवायचं असतं, ऐकणाऱ्याला प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द हवा असतो, आणि दोघांच्या ओढाताणीत नेहमीचे शब्द भारवाही होतात. ऐकणाऱ्याला मदत होते ती शेजारच्या शब्दाची. कर्ता ‘नाक’ आहे हे कळलं की ६४५पैकी बहुतेक अर्थ तिथेच गळतात, उरलेल्यांतून निवड करायला डोक्याला क्षणही लागत नाही.

खरा छळ होतो तो ‘रन’च्या पाठीला चिकटणाऱ्या बारक्या शब्दांचा. ‘रन आउट’ म्हणजे साखर संपली, आणि क्रिकेटमध्ये धावचीत. ‘रन इन्टू’ म्हणजे अचानक गाठ पडली, किंवा गाडी जाऊन आदळली. ‘रन डाउन’ म्हणजे घड्याळाची चावी संपली, माणूस थकला, वाडा मोडकळीला आला किंवा शेजारणीनं नावं ठेवली. यांना नियम लावत बसू नये. आधी कर्ता पाहावा, मग कर्म, आणि शेवटी हा बारका शब्द. तरीही अडलं तर पाठ करावं. इंग्रजी शिकणारा प्रत्येकजण इथे चिडतो आणि त्याचं चिडणं रास्त आहे.

पण आपणही या बाबतीत साळसूद नाही. आपली बारकी क्रियापदं अशीच दुसऱ्याच्या शेपटीला लोंबकळतात. जेवून घे, यात कुणी काही घेत नाही. सांगून टाक, यात काही टाकलं जात नाही. हसू येऊन जातं, बोलून जातो, होऊन बसतं. ‘अरे, हा काय करून बसला!’ असं आपण कपाळाला हात लावून म्हणतो, तेव्हा मराठी शिकणारा पाहुणा खुर्ची शोधत असतो.